पहिल्या खटक्यापर्यंत

आमच्या घरात तीन मिक्सर आहेत. एक स्वयंपाकघरात, तो आमच्या ह्यांच्या ताब्यात. निवृत्त झाल्यापासून चटणी हेच वाटतात. उरलेले दोन वरच्या खोलीत, ते माझे. खालच्याचा नुसता आवाज मोठा. वरच्या दोघांनी मला जेवढं छळलंय तेवढं सासरच्यांनीही कधी छळलं नाही.

आमच्या हिंदी मुलखात मराठी माणसांसाठी निघणाऱ्या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं रेकॉर्डिंगमध्ये काढलीत, मोठमोठ्या कलाकारांच्या आठवणी लिहा." मोठे कलाकार येतात, गातात, चहा पितात आणि जातात. त्यांच्याबद्दल मला खरंच काही सांगायचं नाही. मला गेल्या वर्षीच्या एका दुपारबद्दल लिहायचंय. ती लिहून झाल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही, हे मला फोन ठेवतानाच कळलं होतं. पण त्या दुपारी काय चुकलं ते समजायला माझ्या खोलीत काय कशाला जोडलंय हे माहीत हवं. तेवढं आधी सांगते, थोडं सोसा.

शहरात, पलासिया भागातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एक खासगी स्टुडिओ होता. तिथे मी रेकॉर्डिस्ट होते. जाहिराती, भजनं, शाळांची स्नेहसंमेलनं, निवडणुकीचे भोंगे, जे येईल ते आम्ही घेत असू. बाई मिक्सरवर बसलेली पाहून गिऱ्हाईक आधी विचारायचं, "भियाजी कब आएँगे?" भियाजी म्हणजे आमच्याकडचे दादा. मी म्हणायची, भियाजी मीच. पुढे ती जागा एका कोचिंग क्लासला गेली. मालकांनी सामान काढताना विचारलं, आठवण म्हणून काय हवं? मी मिक्सर मागितला. सोळा चॅनेलचा, लोखंडी अंगाचा. तो राऊच्या आमच्या घराच्या जिन्यावरून वर न्यायला चार माणसं लागली आणि भिंतीचा एक टवका गेला तो गेलाच.

हा माझा ॲनालॉग. यात माइकमधून आलेला आवाज वीज म्हणून येतो आणि वीज म्हणूनच बाहेर पडतो, मध्ये त्याचं दुसरं काही होत नाही. प्रत्येक माइकला बटणांची एक उभी रांग. बटण फिरवलं की फरक तिथल्या तिथे कानाला कळतो. अडचण एकच, याला काहीही लक्षात राहत नाही. आज फिरवलेली बटणं उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी फिरली की कालचं गेलं. म्हणून आम्ही जुनी माणसं बटणाची जागा घड्याळासारखी वहीत लिहून ठेवतो. जाड आवाज साडेदहा वाजता, बारीक एक वाजता. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. महिन्यानं गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं, "ताई, बिलकुल पिछली बार जैसा." वही काढायची, सगळी बटणं त्या त्या वेळेवर लावायची, आणि तरीही मागच्यासारखं कधी होत नाही.

म्हणून मग डिजिटल घेतला. तो आवाजाचे आकडे करतो, आणि आकडे तो विसरत नाही. एक बटण दाबलं की महिन्यापूर्वीची सगळी मांडणी जशीच्या तशी हजर. त्यातून एक वायर लॅपटॉपला जाते आणि प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळ्या रांगेत साठतो. मुलं म्हणाली, आता जुना विकून टाक. मी म्हटलं, तुमचे बाबाही जुने झालेत, त्यांनाही विकू का? तर दोन्ही मिक्सरांचं लग्न लावलं. आवाज आधी जुन्याकडे जायचा, कारण त्याच्याकडून आल्यावर त्याला जो गोडवा येतो तो नव्याच्या बापाला जमणार नाही. तिथून एक फाटा नव्याकडे, साठवायला. आणि गाणाऱ्याचे हेडफोन जुन्यावरच, कारण आकडे करून परत आवाज करायला नव्याला किंचित वेळ लागतो, आणि स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू आला की भलेभले गडबडतात.

या लग्नात पहिलं वर्षभर नुसती भांडणं. त्या कोचिंगवाल्यांचेच एक फिजिक्सचे सर लेक्चर रेकॉर्ड करायला आले. आवाज असा यायला लागला की सर पाण्याच्या टाकीत उतरून शिकवताहेत. मी माइक बदलला, गालिचा अंथरला, खिडकीला रजई लावली. सर घामाघूम. तिसऱ्या दिवशी कळलं, त्यांचा आवाज माझ्यापर्यंत दोन रस्त्यांनी पोचत होता, एक जुन्यातून सरळ आणि एक नव्यातून फिरून, थोडा मागून. दोघं एकमेकांना खात होते. एक रस्ता बंद केला, सर टाकीतून बाहेर आले. ते म्हणाले, "मॅडम, ये तो मैं बारहवीं में पढ़ाता हूँ." मग तीन दिवस सांगितलं का नाही, असं मी त्यांना विचारलं नाही.

देपालपूरचे एक धान्याचे व्यापारी आले होते. गाडीवर लावायला स्वतःच्या आवाजात दुकानाची जाहिरात हवी. "ताई, आवाज में वजन चाहिए," असं म्हणून त्यांनी माइकमध्ये अशी आरोळी ठोकली की खाली ह्यांच्या हातातलं भांडं पडलं. जुना मिक्सर असा जोर सोसतो, थोडा खरखरतो, पण सोसतो. नवा सोसत नाही. त्याच्या आकड्यांना एक शेवट आहे, त्याच्यापुढे आवाज गेला की सरळ फाटतो. तीन वेळा फाटला. शेवटी मी त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं, शेठजी, समोर गिऱ्हाईक आहे आणि शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाऊ द्यायचं नाही, असं बोला. मग वजन आलं. पुढे दर सीझनला ते यायचे आणि आधी विचारायचे, "आज फटेगा तो नहीं?"

असं करत करत घडी बसली. आणि घडी बसली की माणसाला माज चढतो. मला चढला. माझी जुनी सवय अशी की मी पडद्याकडे बघत नाही, कानानं काम करते. पडद्यावरच्या हिरव्या-लाल पट्ट्या बघून आवाज घेणं म्हणजे ताटाकडे न बघता मेनूकार्ड वाचून जेवणं, असं मी नव्या पोरांना दहादा ऐकवलं असेल. गिऱ्हाइकंही गायचं सोडून त्या दिव्यांकडे बघत बसतात. म्हणून नव्या मिक्सरच्या पडद्यावर मी सरळ भरतकामाचा रुमाल टाकायची. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो शेजारच्या खोलीत.

आता शेवटची एक गोष्ट, मग मूळ मुद्द्यावर येते. जुन्यातून नव्याला जो फाटा काढायचा, त्यासाठी जुन्याच्या पाठीवर वेगळी भोकं नाहीत. दुसऱ्याच कामासाठी ठेवलेली आहेत. त्यात वायरचा जॅक पूर्ण खुपसला तर आवाज नव्याकडे जातो, पण जुन्यात पुढे जायचा थांबतो. म्हणून आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. जॅक अर्धाच घालायचा, पहिला खटका लागेपर्यंत. मग आवाज दोन्हीकडे जातो. यंत्र बनवणाऱ्याला विचाराल तर तो डोक्याला हात लावेल, पण गरिबाघरच्या सगळ्या स्टुडिओत हे चालतं. मी जॅकना दोऱ्याचे वेढे देऊन ठेवले होते, म्हणजे ते खटक्याच्या पुढे आत जाऊ नयेत. बाहेर येऊ नयेत म्हणून काही केलं नव्हतं. अर्धा घातलेला जॅक थोडासा जरी मागे सरकला तर नव्याकडे काही जात नाही, आणि जुन्यात मात्र सगळं छान ऐकू येत राहतं. हे मला माहीत होतं. नव्या पोरांना मी हेही शिकवलं होतं.

भालेराव सर महूचे. आजोबा फौजेत होते, त्यांच्यामुळे घर तिथे वसलं. सरांनी सगळी नोकरी हिंदी मीडियमच्या शाळेत गणित शिकवण्यात काढली. पण त्यांच्या वस्तीत त्यांची ओळख वेगळी. लग्न असो, नामकरण असो, गृहप्रवेश असो, बुद्धवंदना घेणार ते भालेराव सरच. ते एक ओळ म्हणणार, मग सगळे ती म्हणणार. गेल्या वर्षी ते मुलीला, प्रज्ञाला, घेऊन माझ्याकडे आले. गळ्याला मफलर, आवाज थोडा बसलेला, पण त्यातला कणा शाबूत होता.

ते म्हणाले, "मॅडम, प्रज्ञाच्या लग्नात वंदना मीच घेणार, हे ती सातवीत होती तेव्हापासून तय आहे. आता लग्न दोन महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढावं लागेल. पूरा का पूरा. कल सुबह की गाडी आहे मुंबईची. म्हणून म्हटलं, भरून ठेवू."

"बाबा, हळू बोला," प्रज्ञा म्हणाली. ती बँकेत आहे, हातात फाइल, पाण्याची बाटली, गोळ्या, सगळं मोजून आणलेलं.

"हळूच बोलतोय. डॉक्टरांनी म्हटलंय कम से कम बोला. सकाळपासून मौन आहे, आजचा सगळा कोटा इथे खर्च करायचा."

मी त्यांना माइकपुढे बसवलं, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, काहीही बोला सर, मला आवाज बघायचाय. लोक अशा वेळी हॅलो हॅलो करतात. सरांनी हात मांडीवर ठेवले आणि पाढा सुरू केला. सत्रह एकम सत्रह. सत्रह दूनी चौंतीस. एका लयीत, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. मी शेजारच्या खोलीत जाऊन पडदा पाहिला, पट्टी छान हिरवी हलत होती. परत आले तेव्हा ते सहाच्या पुढे गेले होते. मी म्हटलं, बस सर, आलं, आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

खरं काम सुरू करणार, एवढ्यात सर म्हणाले, "एक रिक्वेस्ट होती. प्रज्ञा बाजूला बसली तर चालेल का? पुढे म्हणणारं कोणी नसेल तर मला सुरूच करता येत नाही. वंदना म्हणजे अकेले की चीज थोडीच आहे."

मला ते फार आवडलं. पण खुर्ची ठेवायला जागा नव्हती. मी जुना मिक्सर टेबलासकट वीतभर पुढे ओढला, मागून खुर्ची घेतली, प्रज्ञाला बसवलं, तिला दुसरा माइक दिला. नव्या मिक्सरवर रुमाल टाकला. जुन्यातून नव्याकडे जाणाऱ्या वायरी मीच घरी सोल्डरचे डाग देऊन बनवल्यात. पहिली बनवली तेव्हा माप चुकलं होतं, ती सगळ्यांत तोकडी झाली. ती पहिल्या चॅनेलला लावलेली होती. पहिलं चॅनेल सरांचं होतं.

हे लिहिताना मी आत्ताच उठून मिक्सरच्या मागे जाऊन आले. सगळे जॅक जागेवर आहेत. सकाळपासून पाचवी वेळ.

सरांनी वंदना म्हटली ती अर्धा-पाऊण तास. त्रिशरण, पंचशील, पुढची पूजा, आणि शेवटी नवऱ्या-नवरीला द्यायच्या प्रतिज्ञा. एक ओळ त्यांची, एक ओळ प्रज्ञाची. मी हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते. मी या धंद्यात हजारो गळे ऐकलेत. गाणारे आपला आवाज कुणाला तरी दाखवत असतात. सर दाखवत नव्हते, देत होते. तिसऱ्यांदा शरण म्हणताना आवाज चिरला, त्यांनी बाटलीतलं पाणी घेतलं, आणि तीच ओळ पहिल्यापासून स्वच्छ म्हटली. शेवटच्या प्रतिज्ञेला प्रज्ञाचा आवाज हलला. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि ती सावरेपर्यंत थांबले. माझ्या कानात सगळं इतकं सुंदर येत होतं की मी मनात म्हटलं, हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम.

जाताना सरांनी दोन्ही मिक्सरांना हात जोडले. मग मला. बोलले नाहीत, कोटा संपला होता.

चहा घेऊन मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले. दुसऱ्या रांगेत प्रज्ञाचा आवाज, छोट्या-मोठ्या टेकड्यांसारखा. पहिल्या रांगेत एक सरळ रेघ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही कणभर उंचवटा नाही.

मी मिक्सरच्या मागे वाकले. तोकडी वायर ताणली गेली होती, पहिला जॅक खटक्यातून निसटून बोटाच्या पेरभर बाहेर आला होता. मी मिक्सर ओढला तेव्हाच तो सुटला असणार. पुढचा पाऊण तास जुना मिक्सर मला सगळं प्रामाणिकपणे ऐकवत होता आणि नव्याकडे काहीच जात नव्हतं. रुमाल उचलून एकदा, फक्त एकदा, पाहिलं असतं तरी कळलं असतं.

ह्यांनी माझा चेहरा पाहिला. काय झालं ते मी सांगितलं.

"फोन कर आणि सांग," हे म्हणाले. "उद्या सकाळची गाडी आहे ना? आत्ता कुठे पाच वाजलेत. आपणच मशीन घेऊन महूला जाऊ."

मी फोन केला. प्रज्ञानं घेतला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, मी फोन करणारच होते. बाबा इतके खुश आहेत. घरी आल्यापासून एक शब्द नाही बोलले. कागदावर लिहून दिलं, आता आवाज गेला तरी चालेल, जे द्यायचं होतं ते मॅडमकडे ठेवून आलो. आता झोपलेत. बऱ्याच दिवसांनी असे झोपलेत. तुम्ही काय म्हणत होता?"

मी म्हटलं, "काही नाही. नीट पोचलात ना, एवढंच विचारायचं होतं."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही, आणि ते कुठल्याही मिक्सरमध्ये साठवलेलं नाही. सरांकडे आणखी एक संध्याकाळ होती, एक सकाळ होती. त्यांनी पुन्हा म्हटलं असतं. मला ते माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, आजारी माणसाला कशाला उठवायचं, त्यांचं समाधान कशाला मोडायचं. खोटं होतं ते. मला लाज वाटली, एवढंच खरं. हे ताट वाढून बसले होते, मी जेवले नाही. हे एवढंच म्हणाले, "तू चुकते आहेस." मी त्यांच्यावरच ओरडले.

सरांची गाडी गेली. मी कामाला लागले. माझ्याकडे प्रज्ञाचा माइक होता. दोन माइक शेजारी असले की एकाचा आवाज दुसऱ्यात सांडतो. जन्मभर मी या सांडण्याशी भांडत आले, मध्ये उशा ठेवल्या, फळ्या ठेवल्या. त्या दिवशी मी काही ठेवलं नव्हतं, जागाच नव्हती. प्रज्ञाच्या माइकात दोन हातांवरून सांडलेले सर होते. बारीक, लांबचे, खोलीच्या भिंतींना लागून आलेले. मी आठ दिवस त्यांच्यामागे होते. नव्या मिक्सरकडून खोलीची घूंघूं काढून घ्यायची, मग तो आवाज जुन्यात नेऊन त्याला अंग द्यायचं, परत नव्याकडे. सरांची ओळ आली की चढवायची, प्रज्ञाची आली की उतरवायची, अशा शे-दीडशे ओळी. जास्त चढवलं की आवाज पत्र्याचा होई. शेवटी मी बरंचसं तसंच ठेवलं. वडील लांब, मुलगी जवळ.

ऑपरेशन नीट झालं. लग्नाच्या आधी प्रज्ञा ऐकायला आली तेव्हा मी तिला सांगितलं, "मुद्दाम लांबून ठेवलाय आवाज. हॉलमध्ये घुमतो ना, तसा. अगदी जवळचा ठेवला तर रेडिओसारखा वाटतो." इतकं सफाईनं सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं.

लग्न महू रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. मीच मशीन लावलं. सगळे उभे राहिले आणि सरांचा आवाज आला, लांबून. लोक ओळीमागून ओळ म्हणू लागले. त्यांच्या तीनशे गळ्यांत रेकॉर्डिंगमधली प्रज्ञा आणि समोर उभी असलेली प्रज्ञा दोघी मिसळून गेल्या. सर पहिल्या रांगेत उभे होते, गळ्याला पांढरा रुमाल, ओठ हलत होते. सगळं छान झालं. मला त्या हॉलमधून पळून जावंसं वाटत होतं. जेवताना सरांनी त्यांची लिहायची पाटी काढली. लहान मुलांना देतात तसली, बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. तिच्यावर लिहिलं: "दुरून येतो म्हणून जास्त आपला वाटतो. तुमच्या कानाला मानलं." मी हसले आणि आणखी एक जिलबी घेतली.

गंमत पुढे आहे. त्या लग्नातून चार गिऱ्हाइकं आली. "मॅडम, भालेराव सर के जैसा, दूर वाला इफेक्ट." मी चौघांनाही नाही म्हटलं. हे म्हणाले, धंद्याला आग लाव.

आणि मग प्रज्ञाचा मेसेज. "मॅडम, बाबांचा एकट्याचा ट्रॅक द्या ना. माझा आवाज नको त्याच्यात. मोबाईलमध्ये ठेवायचाय. कधी कधी वाटतं बाबांचा आवाज कसा होता तेच विसरून जाईन." मी लिहिलं, शोधते. महिन्यानं तिनं परत विचारलं. मी लिहिलं, जुन्या बॅकअपमध्ये असेल. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. दिवसभर मिक्सरच्या मागे जाऊन जॅक दाबून येण्याची सवय तेव्हापासून लागली. गाणारा गात असताना मी दर दोन मिनिटांनी उठते. रुमाल तर केव्हाच कपाटात गेला. आता मी पडद्याकडेच बघते, आणि खरं सांगायचं तर गाण्याकडे माझं लक्ष नसतं.

संपादकांचा फोन आला तो याच आठवड्यात. मी बसून इथपर्यंत लिहिलं. लिहून झाल्यावर तारीख-वार पडताळायला म्हणून लॅपटॉपमधलं त्या दिवसाचं सगळं उघडलं, तर एका कोपऱ्यात छोटी वेगळी फाइल दिसली. आवाज बघायला घेतलेली, मिक्सर ओढायच्या आधीची. ती मी कधी उघडलीच नव्हती. मी ऐकली, आणि मग हा अंक छापून आमच्या सगळ्या मराठी घरांत जाणार, सरांच्याही, हे डोक्यात आलं. त्यांनी हे छापलेलं वाचावं हे मला बरं वाटेना. मी प्रज्ञाला फोन केला, सरांना घेऊन ये म्हटलं. ती म्हणाली तिला ऑफिस आहे. सर बसनं एकटे आले.

मी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं आणि हे कागद दिले. सर वाचताना पेन घेतात, शिक्षकाची सवय. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग पेन थांबलं. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी मान वर केली नाही. वाचून झाल्यावर उठले, मिक्सरच्या मागे गेले, वाकले. मी तोकडी वायर दाखवली. त्यांनी जॅक ओढून बाहेर काढला, परत घातला, खटका लागेपर्यंत. पुन्हा काढला, पुन्हा घातला. मग खुर्चीत येऊन पाटीवर लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

"त्या संध्याकाळी का नाही सांगितलंत? मी परत म्हटलं असतं."

मी म्हटलं, "लाज वाटली, सर." ते माझ्याकडे बघत राहिले. पाटी तशीच धरलेली. राग होता का, ते मला कळलं नाही. मफलरच्या आतून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "तुमच्या एकट्याचं एवढंच आहे माझ्याकडे," आणि बटण दाबलं.

स्पीकरवर सर आले. जवळचे, स्वच्छ, अंगासकट. सत्रह एकम सत्रह. सत्रह दूनी चौंतीस. सत्रह तिया इक्यावन. सरांचा हात मांडीवर गेला. मला वाटलं ते उठून जातील, पण बोटं लयीत हलायला लागली. सत्रह चौके अड़सठ. सत्रह पंजे पचासी. सत्रह छक्के एक सौ दो. सत्रह सत्ते, आणि तिथे माझा आवाज, "बस सर, आलं," आणि संपलं.

सरांनी पाटीवरचा प्रश्न एकदा पाहिला. बटण दाबलं, प्रश्न पुसला गेला. मग त्यांनी मोठे आकडे लिहिले, फळ्यावर लिहितात तसे, आणि पाटी माझ्याकडे वळवून पेनानं तिच्यावर टकटक केली.

११९.

"एक सौ उन्नीस," मी मोठ्यानं म्हटलं.